घाटातली ठिणगी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

स्कूटर बंद पडली की जव्हारच्या गॅरेजात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "करंट येतो का?" मेकॅनिक प्लग काढतो, टोपीत बसवतो, इंजिनाच्या लोखंडाला टेकवतो आणि किक मारतो. निळी ठिणगी चटकन उडाली तर रोग दुसरीकडे. उडाली नाही तर कुठला तरी भाग बदलायचा, आणि मग गिऱ्हाइकाचा प्रश्न येतो, "ओरिजिनल आहे ना?" या दोन प्रश्नांच्या मधे गेल्या साठेक वर्षांचा एक इतिहास दडलेला आहे. आज त्याविषयी बोलायचं आहे.

जव्हारवर बोलायचं म्हटलं की लोकांना मुकणे राजांचं संस्थान, जयविलास राजवाडा, सुरतेच्या वाटेवर १६६४ साली शिवाजी महाराज थांबले ते शिरपामाळ, दाभोशाचा धबधबा एवढं अपेक्षित असतं. ते सगळं आहेच. इथला दसरा मोठा, उरूसही मोठा. पण १९४८ साली संस्थान विलीन झालं, तालुका ठाणे जिल्ह्यात गेला, २०१४ साली पालघर जिल्ह्यात आला, आणि या सगळ्या काळात इथे रेल्वे काही आली नाही. जव्हारहून मोखाडा, तिथून तोरंगण घाट उतरून-चढून त्र्यंबक आणि नाशिक, किंवा खोडाळ्याकडून कसारा. एसटी होती, पण ती तिच्या वेळेला. मधल्या पाड्यांवर ज्याला पोचायचं त्याच्यापुढे दोनच वाटा, पाय किंवा दोन चाकं. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक, वनखात्याचे लोक, आठवडी बाजार करणारे व्यापारी. या माणसांनी आमच्या डोंगरातला सरकारी आणि बिनसरकारी कारभार कितीतरी वर्षं स्कूटरवर वाहिला. राजवाड्याला जसा इतिहास आहे तसा यालाही असायला हरकत नाही.

स्कूटर मुळात इटलीची. दुसऱ्या महायुद्धात विमानं बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि विमानं बनवायची सोयही राहिली नाही. कोराडिनो दास्कानिओ नावाच्या विमान अभियंत्याने एक सुटसुटीत दुचाकी आखली, तिचं पेटंट एप्रिल १९४६ मधलं. ती व्हेस्पा. पाठोपाठ १९४७ मध्ये मिलानच्या इनोसेंटी कंपनीची लँब्रेटा आली. या दोन्ही बहिणी भारतात आल्या आणि दोघींनी महाराष्ट्रात घर केलं. लँब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने जोडायला घेतली. व्हेस्पा आणली बजाज मंडळींनी. आधी आयात, मग १९५९ साली सरकारकडून उत्पादनाचा परवाना, आणि पुण्याजवळच्या आकुर्डीला कारखाना.

इथून 'ओरिजिनल' या शब्दाची गंमत सुरू होते. पियाजिओचा करार १९७१ साली संपला. १९७२ साली बजाजने त्याच धाटणीची, पण स्वतःच्या नावाची स्कूटर बाजारात आणली आणि तिला राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव दिलं, चेतक. पुढे १९७५ साली राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाबरोबर साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि तिथून प्रिया निघाली. आमच्या अब्बांची प्रियाच होती, आकाशी रंगाची. तिकडे लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीने इनोसेंटीची यंत्रसामग्रीच विकत घेतली आणि विजय नावाच्या स्कूटरी काढल्या. आता सांगा, लखनौला इटलीच्याच यंत्रावर, इटलीच्याच साच्यातून निघालेला भाग अस्सल की नक्कल? आकुर्डीचा चेतक अस्सल की नक्कल? ऐंशीच्या दशकात बजाजने परदेशात स्कूटरी पाठवायला सुरुवात केली तेव्हा पियाजिओने काही देशांत कोर्टाची पायरी चढून हाच सवाल केला होता. इटालियन डोळ्यांना आपला चेतक नक्कल वाटत होता, आणि आम्हा जव्हारकरांसाठी चेतकइतकं अस्सल जगात दुसरं काही नव्हतं.

मला वाटतं, उत्तर नावात आहे. चेतक स्वतःच्या नावाने उभा राहिला. बिघडला तर कुणाच्या दारात जायचं हे ठाऊक होतं. नक्कल आणि फसवणूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेटीवर दुसऱ्याचं नाव छापलं की ती फसवणूक झाली.

आता ठिणगीकडे वळू. या स्कूटरींच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवायला दर फेऱ्याला एक ठिणगी लागते, कारण इंजिन टू-स्ट्रोक. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर सेकंदाला पन्नास ठिणग्या होतात. जव्हारहून मोखाड्याला घाटावळणाने रमतगमत तासाभरात पोचलात तर एक लाख ऐंशी हजार ठिणग्या. त्यातली प्रत्येक नेमक्या क्षणी पडली पाहिजे. जरा आधी पडली तर इंजिन ठोकतं, उशिरा पडली तर घाटात दम सोडतं.

जुन्या पद्धतीत हे काम 'पॉइंट' करायचा. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलभोवती फिरतात, कॉइलमध्ये वीज खेळते, आणि नेमक्या वेळी पॉइंटचे दोन छोटे ओठ विलग होऊन ती वीज तोडतात. तोडताक्षणी दुसऱ्या कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका तयार होतो आणि प्लगच्या फटीतून उडी मारतो. ओठांवरच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर. साधी, उघडी, डोळ्यांना दिसणारी रचना. तासाला लाख-दीड लाख वेळा उघडमीट करणारे ओठ झिजणारच. मग ते पॉलिश पेपरने घासायचे. पेपर नसेल तर काडेपेटीची बाजू चालायची. फट मोजायची पट्टी नसेल तर काही लोक पोस्टकार्डाची कड वापरत. पावसाळ्यात सकाळी दमट हवेने करंट बसला की स्कूटर आडवी कलंडवायची, उभी करायची आणि पुन्हा किक. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने आपल्या वडिलांना स्कूटरपुढे असं वाकताना पाहिलं आहे. दिवेही त्याच चुंबकावर चालायचे. त्यामुळे घाट उतरताना इंजिन मंद झालं की दिवाही मंद, म्हणजे जिथे उजेड सर्वांत जास्त हवा तिथेच तो सर्वांत कमी.

हा ओठांचा खेळ बंद करायची कल्पना जुनी आहे. कंडेन्सरमध्ये वीज साठवून ती एकदम सोडायची आणि ठिणगी पाडायची, या तत्त्वावर निकोला टेस्लाने १८९८ सालीच अमेरिकेत पेटंट घेतलं होतं. पण हे उघडझाप करणारं दार स्वस्तात आणि विनाझीज बनवायला थायरिस्टर यावा लागला. इनोसेंटीने १९७० मध्ये लँब्रेटाला डुकाटी बनावटीचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, व्हेस्पाने १९७२ मध्ये रॅली २०० या मॉडेलला. आपल्याकडे ते सावकाश आलं. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या एलएमएलने पियाजिओशी करार करून व्हेस्पा काढली, स्पर्धा सुरू झाली, आणि नव्वदच्या दशकात चेतकच्या अंगावर 'इलेक्ट्रॉनिक' अशी अक्षरं चमकू लागली. जव्हारच्या बाजारपेठेत अशी पहिली गाडी उभी राहिली तेव्हा लोक ती अक्षरं वाचायला थांबत.

या नव्या व्यवस्थेत एकमेकांना घासणारं काही नाही. एक कॉइल वीज तयार करते, सीडीआय नावाच्या डबीतला कंडेन्सर ती शेकडो व्होल्टला भरून ठेवतो, पिकअप कॉइल वेळ झाल्याचा इशारा देते, थायरिस्टर दार उघडतो आणि साठलेली वीज एचटी कॉइलवर कोसळते. पॉइंट साफ करायची कटकट गेली, पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी चालू. पावसाळ्यात घाट चढणाऱ्याला हे वरदान होतं. मी त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी श्रावणात खोडाळ्याच्या रस्त्यावर एकदा पॉइंट घासून बघावेत.

पण एक गोष्ट बदलली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचं गॅरेज होतं. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की इंजिनाच्या आवाजावरून मालकाचं नाव सांगायचे. ते म्हणायचे, "पॉइंट आजारी पडतो रे बाबा, सीडीआय मरतो." पॉइंट बिघडायच्या आधी आठ दिवस कुरकुर करतो, गाडी अडखळते, तुम्हाला सावध करतो. सीडीआयची डबी बंद, आत एपॉक्सी ओतलेलं. ती उघडता येत नाही, घासता येत नाही, डोळ्यांनी कळत नाही. चालते तोवर चालते, आणि गेली की गेली. मेकॅनिकच्या हातात दुरुस्ती उरली नाही, बदली उरली. आणि जिथे बंद डबी बदलायची असते तिथे डबीवरच्या नावावर विश्वास ठेवावा लागतो. नकली मालाला असं रान दुसरीकडे कुठे मिळणार?

नकली पॉइंटही होते, नाही असं नाही. मायकोच्या नावाचे नकली प्लग तर इतके फिरायचे की चाचा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर नखाने टकटक करून आवाज ऐकायचे. पण त्या काळाचा न्याय वेगळा होता. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबत. जिथे गाडीच मिळायची मारामार तिथे सुटे भाग कुठून वेळेवर मिळणार? पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईच्या ऑपेरा हाउसकडे छोट्या कारखानदारांनी बनवलेले भाग यायचे, त्याला 'लोकल' म्हणत. उल्हासनगरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. त्यात थोडा अन्यायही आहे, कारण फाळणीत सगळं गमावून आलेल्या माणसांनी त्या छावणीत उद्योग उभे केले आणि टंचाईच्या काळात अर्ध्या महाराष्ट्राची गरज भागवली. लोकल म्हणजे नकली नव्हे. कित्येक लोकल भाग चांगले असत, आणि दुकानदार ते लोकल म्हणूनच स्वस्तात द्यायचा. टंचाईने लोकल जन्माला घातला. खोट्या पेटीतला डुप्लिकेट मात्र बाजार भरभरून वाहू लागल्यावर माजला.

त्या डुप्लिकेटची किंमत काय असते हे मला एका शेजाऱ्यांमुळे कळलं. ते आरोग्यसेवक होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. पल्स पोलिओची मोहीम देशात १९९५ साली सुरू झाली, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. काकांकडे इलेक्ट्रॉनिक चेतक होता. सीडीआय गेला म्हणून त्यांनी शहरातल्या एका मोठ्या दुकानातून नवा आणला, सीलबंद पेटी, पेटीवर कंपनीचं नाव, किंमतही पुरी. पावतीचं विचारलं तर दुकानदाराने "काका, विश्वास नाही का?" म्हणून हसून वेळ मारून नेली. डबी बसवली, गाडी चालली. लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी ते लसीची शीतपेटी पुढच्या जागेत दोन पायांमध्ये धरून मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावर निघाले. अर्ध्या वाटेवर इंजिन तापलं आणि गाडी गप्प झाली. अर्धा तास थांबले, गार झाल्यावर चालू झाली. पाच मिनिटं पळाली, पुन्हा गप्प. नकली सीडीआयची ही ठरलेली खोड आहे. आतले हलके भाग थंड असताना काम करतात, तापले की हात टेकतात. त्यामुळे दुकानात, गॅरेजात, घराच्या अंगणात तो अस्सलच वाटतो. त्याचं खरं रूप दिसायला घाट लागतो.

पोलिओची लस उष्णतेला फार नाजूक, आणि शीतपेटीतला बर्फ काही कुणासाठी थांबत नाही. काकांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावली, पेटी खांद्यावर घेतली आणि अंधारात चालू लागले. पुढे एका पाड्यावरच्या दोन पोरांनी बॅटरी धरून त्यांना सोबत केली. लस पोचली, सकाळी डोस दिले गेले. काका नंतर हे सांगताना स्वतःच्या चालण्याबद्दल काहीच बोलायचे नाहीत. म्हणायचे, "शंभर-दोनशे रुपये कमवायला त्या माणसाने हे केलं. पेटीत काय होतं त्याला काय माहीत!"

ती डबी चाचांनी हातोडीने फोडली. मी तिथे होतो. वरचा एपॉक्सीचा थर नखाएवढा, त्याखाली डांबरासारखं काहीतरी चिकट आणि त्यात दोन-तीन किरकोळ भाग. शेजारी त्यांनी एक जळालेली अस्सल डबी फोडून दाखवली. ती आरपार दगडासारखी भरलेली होती. एपॉक्सी नुसतं झाकण्यासाठी ओतत नाहीत. ते भागांना हादऱ्यांपासून धरून ठेवतं, ओल आत येऊ देत नाही. आमच्या रस्त्यांचे खड्डे आणि चार महिन्यांचा पाऊस लक्षात घेतला तर तोच त्या डबीचा जीव. मग पेटी पाहिली. कंपनीच्या नावात एक अक्षर बदललेलं, रंग मात्र हुबेहूब. काका चष्मा लावून ते अक्षर कितीतरी वेळ बघत बसले होते.

कायदा नव्हता असं नाही. खोट्या व्यापारचिन्हाविरुद्ध १९५८ चा कायदा होता. त्याची जागा घेणारा १९९९ चा कायदा २००३ साली अंमलात आला, आणि त्यात खोटं चिन्ह लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ पासून आहे, आता २०१९ चा नवा. पण ग्राहक मंचापुढे उभं राहायला पावती लागायची, आणि जव्हारच्या माणसाला तेव्हा ठाण्यापर्यंत हेलपाटे परवडायला हवे होते. या कायद्यांनी नामांकित कंपन्यांचं नाव थोडंफार राखलं असेल. घाटातल्या माणसाला आधार होता तो चाचांसारख्यांचा.

चाचांची स्वतःची तपासणी होती. डबी आधी तळहातावर तोलायचे. मग कडेची शिवण बोटाने चाचपायचे, तारांचं आवरण वाकवून बघायचे. मीटरने कॉइलचा रोध मोजायचे. प्रत्येक कॉइलचे ओहम ठरलेले असतात आणि ते आकडे त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते. गाडी चालू करून ती डबी हात भाजेपर्यंत तापू द्यायचे. तापूनही करंट निळाच राहिला तर पास, पिवळा-लाल झाला तर परत. आणि मग खिळ्याने डबीवर तारीख कोरायचे. मोखाड्याकडच्या एखाद्या शिक्षकाने गाडी विकली तर घेणारा आधी ती कोरलेली तारीख शोधायचा. कंपनीच्या होलोग्रामपेक्षा आमच्याकडे त्या खिळ्याच्या ओरखड्याला मान होता, आणि त्यात मला काही अडाणीपणा दिसत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मोटारसायकली आल्या, प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक इंजिनं मागे पडली. २००५ च्या सुमारास जुन्या चेतकचं उत्पादन थांबलं आणि २००९-१० मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच सोडलं. नंतर २०१२ साली खुद्द पियाजिओने बारामतीला व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या नावावरून वाद झाले ते नाव फिरून महाराष्ट्रातच आलं. आणि २०१९ साली चेतक परतला तो विजेवर. त्याला ना प्लग, ना पॉइंट, ना सीडीआय. ठिणगीचा प्रश्नच मिटला.

पण जुन्या गाड्या मेल्या नाहीत, त्या 'क्लासिक' झाल्या. पुण्या-मुंबईत त्यांचे शौकीन आहेत, इंग्लंड-इटलीतही आहेत, आणि त्या हौसेला लागणारे लँब्रेटा-व्हेस्पाचे भाग मोठ्या प्रमाणात आपल्या देशातून जातात. त्यातले काही इतके चांगले की मूळ कंपनीने शाबासकी द्यावी, काही फक्त रंगवलेले. कंपनीचे भाग संपल्यामुळे 'ओरिजिनल जुना स्टॉक' म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकला जाणारा माल वाढला आहे. त्यातही एक मेख आहे. तीस वर्षं फडताळात पडून राहिलेला भाग अगदी अस्सल असला तरी त्यातला कंडेन्सर म्हातारा झालेला असू शकतो, तारांचं आवरण कडक होऊन तडकलेलं असू शकतं. तेव्हा अस्सल आणि भरवशाचा हे एकच असं समजू नये. आज स्वतःच्या नावाने, पावतीसकट विकणाऱ्या एखाद्या साध्या कारखान्याचा नवा सीडीआय घाटासाठी बरा. शौकिनांना माझं हे म्हणणं पटत नाही, आणि त्यांच्या हौसेपुढे मी वाद घालत नाही.

चाचा आता नाहीत. गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो, तो मोबाइलवर बोलता बोलता स्कूटी उघडतो. मागच्या दिवाळीनंतर पुण्याहून एक गृहस्थ त्याच्याकडे आले होते, जुना चेतक सजवत होते. त्यांना चाचांच्या पत्र्याच्या डब्यातले जळालेले सीडीआय हवे होते, कारण त्यांच्यावर कंपनीचं मूळ लेबल शाबूत होतं. "चालत नाहीत हं ते," मुलगा म्हणाला. "चालायला नकोच आहेत," ते म्हणाले आणि चालू डबीपेक्षा जास्त पैसे मोजून तीन घेऊन गेले. त्यातल्या एकीवर खिळ्याने तारीख कोरलेली होती, तेवढी ते पॉलिशने घालवता येईल का, असं विचारत होते.